स्विफ्ट, तीन सायकली आणि कोकणचा रस्ता: कारला सायकल रॅक कोणता घ्यावा?

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात राहणारं तिघांचं कुटुंब, गाडी स्विफ्ट. सायकली तीन: विचारणाऱ्याची स्वतःची कार्बन फ्रेमची रोड बाइक, बायकोची आडवा दांडा नसलेली हायब्रीड आणि दहा वर्षांच्या मुलीची २४ इंची. महिन्यातून एखाद्या शनिवार-रविवारी मुळशी, पाचगणी, पण मुख्य म्हणजे कोकणात सायकली घेऊन जायचंय. दुकानदाराने डिकीच्या दाराला पट्ट्यांनी बांधायचा तीन सायकलींचा रॅक दाखवलाय. "पाच मिनिटांत बसतो, कुठल्याही गाडीला चालतो," म्हणाला. घ्यावा का?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: तुमच्या गाडीला, तुमच्या या तीन सायकलींसाठी, तो घेऊ नका. रॅक वाईट आहे म्हणून नव्हे. मी स्वतः तसला रॅक सहा वर्षं वापरलाय आणि अजूनही काही गिऱ्हाइकांना तोच सुचवतो. पण गेली सतरा वर्षं सायकली दुरुस्त करताना एक गोष्ट पक्की कळली आहे. लोक सायकल डोळ्यांसमोर ठेवून रॅक घेतात, आणि नंतर भांडण होतं ते गाडीच्या पत्र्याशी, नंबर प्लेटशी आणि रस्त्याशी. म्हणून सुरुवात गाडीपासून करू.

गाडीच्या मागे उभे राहा आणि टेप घ्या. स्विफ्टची रुंदी १७३५ मिलिमीटर आहे. रोड बाइकच्या दोन चाकांच्या आसांमधलं अंतर साधारण एक मीटर, आणि तिच्या ७०० मापाच्या चाकाचा अर्धा व्यास पुढे-मागे धरला की सायकलची लांबी पावणेसतराशे मिलिमीटरच्या आसपास जाते. म्हणजे ती गाडीच्या मागे आडवी कशीबशी मावते, कडेला हाताचा पंजाही शिल्लक राहत नाही. २९ इंची एमटीबी (माउंटन बाइक) असेल तर लांबी अठराशे ऐंशीच्या पुढे जाते, म्हणजे दोन्ही बाजूंना सात-आठ सेंटिमीटर बाहेर. गल्लीतून गाडी काढताना आरसा चुकतो आणि सायकलचं चाक भिंतीला घासतं. चालकाला ते दिसतच नाही, कारण त्याची नजर सवयीने आरशावर असते. असलं वाकलेलं चाक सरळ करून द्यायला माझ्याकडे बरेच जण येतात.

हे फक्त घासण्यापुरतं नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ मध्ये एक तरतूद आली आहे: लादलेला माल किंवा त्याचा काही भाग गाडीच्या बाजूने, पुढून, मागून किंवा उंचीने परवानगीच्या पलीकडे गेला तर वीस हजार रुपये दंड, वर माल उतरवायचा खर्च. कलम मालट्रकसाठी आलं असेल, पण शब्द सगळ्या गाड्यांना लागू आहेत. एखाद्या हवालदाराने सायकलचं बाहेर आलेलं चाक बघून ते लावायचं ठरवलं तर तिथे वाद घालत बसण्यात तुमचा रविवार जाईल. पुढचं चाक काढून आत टाकलं की हा प्रश्न बहुतेक मिटतो.

नंबर प्लेटचा प्रश्न मात्र मिटत नाही. मागे दोन-तीन सायकली टांगल्या की प्लेट झाकली जाते, निदान तिच्यावरून एक चाक किंवा पेडल तरी येतंच. युरोपात टो-बारच्या, म्हणजे गाडीमागे ट्रेलर ओढायच्या दांड्यावर बसणाऱ्या, रॅकवर गाडीच्याच नंबरची जादा प्लेट आणि दिवे लावायची सोय असते. आपल्याकडे आता हाय सिक्युरिटी प्लेट आहे, ती रिव्हेटसारख्या कुलपाने कायमची बसवलेली असते, आणि कोपऱ्यावरच्या रेडियमवाल्याकडून दुसरी करून रॅकला अडकवणं हे तिला पर्याय नाही. एक्सप्रेसवेवर जागोजागी कॅमेरे आहेत. झाकलेली प्लेट घेऊन त्यांच्याखालून जाणं म्हणजे स्वतःहून चौकशीला आमंत्रण. त्यामुळे मागच्या रॅकचा विचार करणाऱ्या प्रत्येकाला मी पहिला प्रश्न हाच विचारतो की प्लेट मागच्या दारावर आहे की खाली बंपरवर, आणि मागचे दिवे कुठे आहेत. दिवे काचेच्या दोन्ही बाजूंना उंच असतील, प्लेट बंपरवर असेल आणि सायकल एकच असेल, तर पट्ट्यांच्या रॅकवर निभावतं. यातलं एक जरी हुकलं तरी डोकेदुखी.

आता पत्रा. पट्ट्यांच्या रॅकला साधारण सहा पट्टे असतात, दोन वर, दोन बाजूंना, दोन खाली. आकडे दाराच्या कडेला अडकतात. तीन सायकलींचं वजन पस्तीस-चाळीस किलो, आणि ते दारापासून दीड-दोन फूट मागे लोंबकळतंय. खड्ड्यात गाडी आदळली की या वजनाचा हिसका त्या वरच्या दोन आकड्यांवर येतो. तिथे पत्र्याची दुमडलेली कड असेल तर ठीक. पण हल्लीच्या हॅचबॅकांना वर प्लॅस्टिकचा स्पॉयलर असतो, आणि आकडा त्याच्यावरून घ्यावा लागतो. स्पॉयलर हा भार घेण्यासाठी केलेलाच नसतो. "कुठल्याही गाडीला चालतो" याचा खरा अर्थ एवढाच की पट्टे कुठल्याही गाडीला पुरतात. चांगल्या कंपन्या कुठल्या गाडीला कुठला रॅक चालेल याची यादी देतात. थुलेसारख्या कंपनीच्या यादीत तुमचं मॉडेल नसेल तर ते सहसा विसरून राहिलेलं नसतं.

माझा स्वतःचा किस्सा सांगतो, कारण त्यात दोन चुका एकदम आहेत. तेव्हा माझ्याकडे सेडान होती. मागे तीन सायकली बांधून आम्ही वरंध घाटाने महाडला उतरलो. घाटात वळणावळणाला मागून टक-टक आवाज येत होता, मी म्हटलं पेडल लागत असेल. महाडला चहाला थांबलो तर रबर जळाल्याचा वास. सगळ्यात आतल्या सायकलचं मागचं चाक सायलेन्सरच्या तोंडासमोर आलं होतं आणि टायरची एक बाजू मऊ होऊन पापडासारखी फुगली होती. सायकल उतरवली तेव्हा दुसरी चूक दिसली. रॅकच्या रबरी पायाखाली रस्त्याची धूळ अडकली होती, आणि दीडशे किलोमीटर त्या धुळीने डिकीच्या रंगावर पॉलिश पेपरचं काम केलं होतं. दोन वाटीएवढे धुरकट गोल. गाडी विकेपर्यंत ते तसेच होते. टक-टक आवाज कसला होता, ते मला आजही कळलेलं नाही.

यावरून दोन सवयी लागल्या. रॅक बसवायच्या आधी जिथे पाय टेकणार ती जागा ओल्या फडक्याने पुसायची, आणि शक्य असेल तर रंग वाचवायची पारदर्शक फिल्म तेवढ्या जागी लावून घ्यायची. आणि चाक सायलेन्सरसमोर आलं तर सायकलचं तोंड फिरवून बांधायची. कार्बनची रिम असेल तर दुप्पट काळजी, टायर बदलता येतो, रिमचा खर्च मात्र तोंडचं पाणी पळवतो.

तुम्हाला कोकणात जायचंय म्हणून आणखी एक गोष्ट, जी दुकानात कुणी सांगणार नाही. किनाऱ्याने जायचं तर दिघी-आगरदांडा, वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा फेरीबोटी लागतात. बोटीच्या फळीवर गाडी चढते तेव्हा पुढची चाकं वर जातात आणि गाडीचं मागचं टोक खाली झुकतं. ओहोटी असेल तर उतार आणखी तीव्र. मागच्या रॅकवरच्या सायकलचं चाक जमिनीपासून फूटभर वर असलं तरी त्या क्षणी ते धक्क्याच्या काँक्रीटला टेकतं. मी वेसवीला एका गाडीच्या मागच्या सायकलचा डिरेल्युर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, असा गेलेला बघितलाय. बोटीवरचा पोरगा ओरडत होता, "थांबा, थांबा!", पण मागच्या काचेवर सायकली असल्यामुळे चालकाला तो दिसला नाही, आणि रिव्हर्सचे सेन्सर घरापासून बोंबलत असल्याने त्याने ते केव्हाच बंद केले होते.

मग काय घ्यावं? रॅकच्या आधी एकदा रॅकशिवायचा पर्याय करून बघा. म्हणजे सायकल गाडीच्या आत. आपल्याकडचा हा सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात चांगला उपाय आहे. ऊन, पाऊस, चोर, फांद्या, हवालदार, कशाचाच प्रश्न नाही. मागची सीट पाडली आणि पुढची चाकं काढली की बहुतेक हॅचबॅकमध्ये दोन सायकली आणि दोन माणसं जातात. वॅगनआरसारखी डब्यासारखी गाडी असेल तर आणखी आरामात. खाली जुनी गोधडी टाकायची, सायकल चेनची बाजू वर करून आडवी ठेवायची, मध्ये दुसरी चादर, मग दुसरी सायकल उलट्या तोंडाने. चेनच्या तेलाचे डाग छपराच्या कापडाला लागले तर निघत नाहीत, म्हणून चेनवर जुना पायजमा गुंडाळा, हसू नका. जपानची मिनौरा कंपनी गाडीच्या आत पुढचा फोर्क (पुढचं चाक ज्यात बसतं तो चिमटा) धरून सायकल उभी ठेवायचा स्टँडही बनवते, पण तो मोठ्या एसयूव्हीवाल्यांसाठी. स्विफ्टमध्ये उभी सायकल मावणार नाही.

तुम्ही तिघे आहात, म्हणून सगळं आत जाणार नाही. पण मुलीची २४ इंची सायकल जाईल. मागची सीट दोन भागांत पडणारी असेल तर मोठा भाग पाडा, मुलगी लहान भागावर बसेल, तिची सायकल पुढचं चाक काढून शेजारी. सायकल तिच्या अंगावर सरकू नये म्हणून पट्ट्याने सीटच्या हुकाला किंवा बेल्टच्या खिट्टीला बांधा, नुसती ठेवू नका. जोरात ब्रेक लागला तर बारा किलोची मोकळी सायकल काय करेल याचा विचार केला की पट्टा आठवतोच. सीट दोन भागांत पडत नसेल तर मात्र हा मार्ग बंद, तेव्हा आज संध्याकाळीच पार्किंगमध्ये एकदा करून बघा.

राहिल्या दोन मोठ्या सायकली. त्या छतावर.

छतावरच्या रॅकचे दोन भाग असतात. आधी आडवे बार, मग त्या बारवर प्रत्येक सायकलसाठी वेगळा कॅरियर. स्विफ्टला रूफ रेल, म्हणजे छताच्या कडेने लांबीला असलेले दांडे, नाहीत, म्हणून बारचे पाय दाराच्या चौकटीला पकडणारे हवेत, आणि त्या पायांचा साचा गाडीच्या मॉडेलप्रमाणे वेगळा येतो. इथे "सगळ्या गाड्यांना चालतो" वाला क्लॅम्प घेऊ नका. तो दाराच्या रबरी पट्टीवर चुकीच्या जागी दाब देतो, आणि पहिल्याच पावसात मागच्या सीटवर पाणी टपकतं. तुमच्या मित्राच्या गाडीला रेल असतील आणि तो तुमच्याकडे बघून हसत असेल तर त्याला सांगा की पुष्कळ गाड्यांचे रेल नुसते शोभेचे असतात. गाडीच्या माहितीपुस्तिकेत छतावर किती किलो चालेल ते लिहिलेलं असतं. तेवढं पान वाचल्याशिवाय कुठल्याच गाडीच्या छतावर काही चढवू नये. पुस्तिका ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत न उघडलेली पडली असेल, माझीही तशीच होती.

हिशेब करताना बार आणि कॅरियरचं वजनही धरा, लोक फक्त सायकलचं धरतात. बार पाच किलो, दोन कॅरियर मिळून आठ, रोड बाइक नऊ, हायब्रीड चौदा. झाले छत्तीस. पुस्तिकेतला आकडा याच्या वर हवा, आणि बराच वर हवा. बॅटरीची सायकल असेल तर एकटीच वीस-पंचवीस किलो असते. ती स्विफ्टच्या छतावर चढवायचा विचारही करू नका.

आता कॅरियरची निवड, आणि इथे तुमची कार्बन फ्रेम येते. छतावरचे कॅरियर तीन तऱ्हेने सायकल धरतात. एक, खालच्या तिरक्या नळीला जबड्यात धरणारा. दोन, पुढचं चाक काढून फोर्क धरणारा. तीन, पुढच्या चाकालाच वरून आकडा टाकून धरणारा, फ्रेमला न शिवणारा. कार्बनची नळी पेडलचा जोर वर्षानुवर्षं सहन करते, पण एका जागी चिमट्यात दाबली तर आतून चिरते, आणि बाहेरून रंगावर काहीच दिसत नाही. जबड्यावाल्या कॅरियरला दाब मर्यादित ठेवणारी मूठ आणि कार्बनसाठी मऊ कवच मिळतं, तरी मी माझ्या कार्बनला जबडा लावत नाही. तुम्हीही लावू नका. फोर्कवाला किंवा चाकवाला घ्या.

फोर्कवाला घ्यायचा तर आस कुठला आहे ते बघा. जुन्या रिम ब्रेकच्या सायकलीला क्विक रिलीज (खटक्याने सुटणारा बारीक आस) असतो. डिस्क ब्रेकच्या रोड बाइकला बहुधा १२ मिलिमीटर जाडीचा थ्रू-अ‍ॅक्सल (आरपार जाणारा जाड आस), एमटीबीला १५ चा. कॅरियर आणि आस जुळत नसेल तर अ‍ॅडॅप्टर लागतो, आणि तो दुकानात "पुढच्या आठवड्यात येईल" असतो. रॅक आणायला जाताना सायकलच घेऊन जा. आणखी एक: डिस्क ब्रेकचं चाक काढल्यावर दोन ब्रेक पॅडच्या मध्ये प्लॅस्टिकची चकती किंवा घडी घातलेला पुठ्ठा सारून ठेवा. प्रवासात पोराने सहज ब्रेक दाबला तर पिस्टन आत येतात, आणि पहाटे सहाला हरिहरेश्वरला चाक बसत नाही. मला यासाठी फोन आलेले आहेत, सकाळी सहालाच.

बायकोच्या हायब्रीडची गोष्ट उलटी. फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची, जबडा चालतो. मडगार्ड असतील तर चाकावर आकडा टाकणारा कॅरियर मडगार्डला अडतो, म्हणूनही जबडाच बरा. फक्त आडवा दांडा नसलेल्या फ्रेमची खालची नळी जाड असते, तेव्हा जबडा किती उघडतो ते सायकल लावून बघा. याच सायकलसाठी दुकानदाराचा मागचा रॅक घेतला असता तर सीटची नळी आणि हँडलच्या मधला खोटा दांडा वेगळा विकत घ्यावा लागला असता, कारण त्या रॅकचे हात आडव्या दांड्यालाच धरतात. हे त्याने तुम्हाला सांगितलं नसावं.

छताचे तोटे मी लपवत नाही. वारा कापायचा आवाज येतो आणि पेट्रोल जास्त लागतं, माझ्या गाडीला तर एक्सप्रेसवेवर ते लगेच जाणवतं. म्हणून सायकली नसताना बार काढून ठेवा, शोभेला वर्षभर मिरवू नका. खर्चही जास्त. पट्ट्यांच्या रॅकच्या तिप्पट-चौपट पैसे सहज जातात. पण बार एकदाच घ्यायचे असतात आणि त्यावर उद्या सामानाची पेटीही बसते.

सगळ्यात मोठा तोटा उंचीचा. स्विफ्ट दीड मीटर, त्यावर बार, त्यावर सायकलचं सीट. सगळं मिळून साडेआठ फुटांच्या घरात जातं. सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगच्या दारावरचा दांडा असतो सात फुटांवर. माझ्या एका गिऱ्हाइकाने दापोलीहून दोनशे किलोमीटर गाडी अगदी सांभाळून आणली, आणि घराच्या रॅम्पवर शेवटच्या वीस फुटांत सायकल कॅरियरसकट मागे उलटवली. कॅरियर वाकला, छताला खळगा पडला, फोर्क गेला. तो म्हणाला, "घर दिसलं आणि मी सायकली विसरलो." हे प्रत्येकाचं होतं. मी सायकली वर चढवल्या की पार्किंगचा रिमोट त्यातल्या एका सायकलच्या हँडलच्या पिशवीत ठेवतो. दार उघडायला रिमोट हवा, रिमोट हवा तर गाडीतून उतरायला हवं, उतरलं की सायकल दिसते. स्टिअरिंगवर चिठ्ठी चिकटवण्यापेक्षा हे खात्रीचं. चिठ्ठीची नजरेला तासाभरात सवय होते.

आणि झाडं. घाटात आपण डावीकडून चालतो, वडाच्या पारंब्या आणि आंब्याच्या फांद्या डावीकडूनच रस्त्यावर येतात. समोरून एसटी आली की गाडी आणखी डावीकडे घ्यावी लागते. म्हणून छतावर एकच सायकल असेल तर ती उजव्या बाजूला बांधा. दोन असतील तर महागडी उजवीकडे. कुठल्याही कंपनीच्या पुस्तिकेत हे सापडणार नाही, ताम्हिणी घाटात दोनदा गेलात की कळेल.

बाकीच्या गाड्यांचं दोन ओळींत सांगतो, कारण हे वाचणाऱ्या सगळ्यांकडे स्विफ्ट नसणार. थार, जिमनी, जुनी इकोस्पोर्ट यांचं स्टेपनी चाक मागच्या दारावर असतं. त्या चाकाला धरणारे रॅक मिळतात, पत्र्याला न शिवणारे, आणि दोन सायकलींपर्यंत ते चांगले. दाराच्या बिजागरीवर आधीच चाकाचं वजन असतं हे लक्षात ठेवून तिसरी सायकल लावू नका. स्कॉर्पिओसारख्या उंच गाडीच्या छतावर सायकल चढवायला शिडी लागते, तिथे छत माझ्या मते निकालात. मग टो-बारवर बसणारा रॅक उरतो. रॅक म्हणून तो या सगळ्यांत उत्तम, सायकल कंबरेएवढ्या उंचीवर, दोन हातांत काम. पण आपल्याकडे बहुतेक गाड्यांना कारखान्यातून टो-बार येत नाही. बाहेरून वेल्ड करून लावला तर तो गाडीतला फेरफार होतो, आणि कायद्याच्या ५२ व्या कलमात फेरफारावर निर्बंध आहेत. विमा कंपनीही अपघातानंतर तिथेच बोट ठेवू शकते. नाना पेठेत सांगाल तसा अँगल लोखंडाचा स्टँड वेल्ड करून देणारे कारागीर आहेत, हात त्यांचे उत्तमच, पण वेल्डिंग धक्क्यांनी कुठे थकतं ते त्यांनाही दिसत नाही आणि आपल्यालाही. मी तरी घेणार नाही.

पुणे ते गोवा सुमारे साडेसहाशे किलोमीटरची डेक्कन क्लिफहँगर नावाची सायकल शर्यत असते. तिथे प्रत्येक स्पर्धकामागे मदतीची गाडी चालते आणि तिच्यावर बदली सायकल असते. एकदा मी अशा गाडीवर होतो. रात्री दोन वाजता पाऊस पडत असताना, डोळ्यांवर झोप असताना, सायकल काढायला किती वेळ लागतो हे तिथे कळतं. पट्ट्यांच्या बकला ओल्या बोटांनी सुटत नाहीत. छतावरचा जबडा अर्ध्या मिनिटात सुटला. तुम्हाला शर्यत करायची नाही, पण तुम्हीही श्रीवर्धनला रात्रीच पोचणार आहात आणि पोरगी झोपलेली असणार आहे.

बांधायची पद्धत. सायकलवरून निघण्यासारखं सगळं काढा: बाटल्या, पंप, दिवे, जीपीएस, सीटखालची पिशवी. ताशी शंभरच्या वाऱ्यात सीटखालची पिशवी उडते आणि मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर जाते. दोन सायकली शेजारी असतील तर एकीचं तोंड पुढे, एकीचं मागे, म्हणजे हँडल हँडलला लागत नाही. नळ्या जिथे घासतात तिथे एसीच्या तांब्याच्या नळीवर घालतात ती काळी फोमची नळी चिरून बसवा, पन्नास-साठ रुपयांत दोन वर्षं निघतात. मोकळं पुढचं चाक फ्रेमला बांधा, नाहीतर ते वाऱ्याने वाटभर गरगर फिरतं. पट्ट्याला बांधताना एक पीळ द्या. सपाट ताणलेला पट्टा वाऱ्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखा घूं-घूं करतो, पीळ दिला की गप्प बसतो. उरलेलं टोक गुंडाळून खोचा. ट्रकवाले वापरतात तो रॅचेटचा पट्टा वापरू नका, त्याचा जोर इतका असतो की हाताला कळायच्या आत रिम किंवा पत्रा दबतो.

पावसात पूर्ण सायकलवर कव्हर घालायचा मोह होतो. नको. वाऱ्यात ते शिड होतं आणि सगळा जोर कॅरियरवर येतो. सीटला एक पिशवी, ब्रेकच्या मुठींना एक पिशवी, चिकटपट्टीने घट्ट. फोर्कवर बांधलेल्या सायकलच्या हेडसेटमध्ये (हँडल ज्यांवर फिरतं त्या बेअरिंगांमध्ये) पाणी समोरून मारा करून घुसतं, म्हणून पावसाळी सहलीनंतर एकदा हेडसेट उघडून ग्रीस करून घ्या. चेनचं तेल तर जातंच.

निघाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरवर थांबा. तुमच्यासाठी चांदणी चौकाच्या पुढे, पौडच्या अलीकडे कुठेही. खाली उतरून प्रत्येक सायकल हाताने हलवा. सायकल हलली की गाडीही हलली पाहिजे, नुसती सायकल हलली तर काहीतरी सैल आहे. पट्टे पहिल्या काही किलोमीटरला बसतात, तेव्हा एकदा ताणले की पुढे बरे राहतात. त्यानंतर प्रत्येक चहाला एकदा. हॉटेलात जेवायला बसाल तर गाडी दिसेल असं टेबल घ्या. रॅकला येणारं कुलूप हे प्रामाणिक माणसाला थांबवण्यापुरतं असतं, आणि रात्री सायकली खोलीत. मुक्कामाचा मालक कुरकुर करेल, चाकं पुसून आत घ्या म्हणजे करणार नाही.

तर तुमची खरेदी अशी: स्विफ्टच्या तुमच्याच वर्षाच्या मॉडेलसाठी साचा असलेले दोन आडवे बार, एक फोर्कवाला कॅरियर कार्बनसाठी, एक जबड्याचा हायब्रीडसाठी, आणि दोन साधे बकलचे पट्टे मुलीच्या सायकलसाठी. बार एकदा दुकानातच बसवून घ्या आणि त्यांच्या जागेवर दाराच्या चौकटीत आतल्या बाजूने पेनाने खूण करून ठेवा, म्हणजे दर वेळी टेप लागणार नाही. मुलीच्या सायकलचं पुढचं चाक बहुधा नटाचं असेल, त्यासाठी १५ चा पाना गाडीत राहू द्या. पेडलही त्याच पान्याने निघतात, आणि काढली तर सायकल आणखी चार बोटं सपाट बसते. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेने फिरवून काढायचं.